प्रवासांतलें आसन

आमच्या एका स्नेह्यांनीं नोकरींतून निवृत्त झाल्यावर एक फिरतें घर केलें. एक जुनी, लांबट प्रवासी मोटार विकत घेतली, तिच्यांत शेगडी व पाण्याची टांकी बसविली, खिडक्यांस पडदे लावले, आणि दोन्ही अंगांस भिंतीशीं जखडलेलीं दोन लांब बाकें सुताराकडून करून घेतलीं. दिवसा त्यांवर बसावें, रात्रीं मधली फळी टाकून निजावें, आणि बाकांच्या पोटांत भांडींकुंडीं व पांघरुणें ठेवावीं, असा बेत होता. गाडीच्या रचनेंत असा फेरबदल करावयाचा तर परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. तीहि त्यांनीं रीतसर मिळविली. छत्रपति संभाजीनगराहून वेरूळ, तेथून कन्नडचा घाट उतरून चाळीसगांवाजवळची पाटणादेवी, अशी पहिली खेप झाली. परत आल्यावर त्यांच्या मातोश्री, ज्यांचें वय ऐंशीच्या पुढें आहे, एकच वाक्य बोलल्या : "बाळ, देव सगळे नीट पाहिले, आतां तें बाक तेवढें काढ."

बाक निघालें. त्याच्या जागीं दोन हातांच्या, किंचित् मागें कललेल्या वेताच्या खुर्च्या आल्या. शेजारीपाजारी हंसले; खरें सांगावयाचें तर आम्हींहि हंसलों. घरांतल्या खुर्च्या गाडींत नेणें म्हणजे नदीवर जातांना घरचा रांजण बरोबर घेण्यासारखें आम्हांस वाटलें. परंतु नंतर या गोष्टीचा विचार करूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, आमचें हंसणें अज्ञानाचें होतें. प्रवासांत माणसानें कशावर बसावें, हा प्रश्न या नगराच्या पंचक्रोशींत फार जुना आहे. त्यापायीं बादशहांनीं शेंकडों जनावरें राबविलीं आहेत, दरबारांत तेढ पडली आहे, आणि गरिबांनीं आपल्या पाठी मोडून घेतल्या आहेत. तीच हकीकत येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे. शहराचें नांव २०२३ सालीं बदललें. पुढें ज्या काळाची गोष्ट येईल त्या काळचें नांव आम्हीं कायम ठेविलें आहे.

अगोदर बाकाचा दोष कोणता तें पाहूं. बाकास तीन धनी असतात. निजणाऱ्यास तें सपाट व रुंद हवें असतें. सामान ठेवणाऱ्यास त्याच्या पोटांत जागा हवी, म्हणून तें उंच हवें असतें. बसणाऱ्याची गरज या दोघांच्याहि विरुद्ध आहे : त्याला आसनाची मागली कड पुढल्या कडेहून थोडी खालीं हवी, पाठ थोडी कललेली हवी, आणि आसनाची खोली त्याच्या मांडीच्या लांबीपेक्षां कमी हवी. निजण्यापुरती दोन-सव्वादोन फुटांची रुंदी ठेविली कीं बसणाऱ्याची पाठ टेकूपर्यंत पोंचत नाहीं. ती पोंचवावी तर पाय अधांतरीं लोंबतात. शिवाय बाकाची पाठ म्हणजे गाडीची भिंत, आणि ती सरळ उभी असावयाचीच. माणसाच्या कण्याकडे पाहून कोणी ती बांधलेली नसते. तिघां धन्यांच्या या चाकराकडून पहिल्या दोघांची सेवा बरी होते, तिसऱ्याची होत नाहीं. तरुणांस हें उमगत नाहीं, कारण तरुण माणूस कशावरहि बसूं शकतो. गुडघे बोलूं लागले म्हणजे उमगतें.

आतां खुर्चीकडे वळूं. खुर्ची ही साहेबानें आणली अशी आपल्याकडे एक समजूत आहे. शब्द तर अरबी 'कुर्सी'वरून आलेला उघडच आहे. पण पाय खालीं सोडून उंच आसनावर बसण्याची रीत साहेबाची किंवा अरबाची वाट पाहत थांबली नव्हती. वेरूळचें १० व्या क्रमांकाचें लेणें पाहावें. तेथील तें एकमेव चैत्यगृह. सातव्या शतकाच्या सुमाराचें. स्तूपाच्या पुढ्यांत भगवान् बुद्धाची जी प्रचंड मूर्ति आहे, ती मांडी घालून बसलेली नाहीं. सिंहासनावर बसून दोन्ही पाय खालीं सोडलेली आहे. मूर्तिशास्त्रांत या बैठकीस प्रलंबपाद म्हणतात. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यांतील स्तूपावरचा बुद्धहि असाच बसलेला आहे. वेरूळच्या या लेण्यास लोक विश्वकर्म्याचें किंवा सुताराची झोपडी म्हणत आले, आणि सुतार मंडळी तेथें आपल्या कुळीच्या देवास हात जोडण्यास येत असत. वर मान करून पाहिलें तर त्या नांवाचें कारण कळतें : छताला दगडांतच वासे कोरले आहेत. ज्यांना लांकडाची एवढी आठवण कीं दगडांतहि वासे काढावेत, त्या कारागिरांस पायांचें उंच आसन घडविणें अवघड होतें असें कोण म्हणेल? अवघड होतें तें त्यावर बसण्याचा अधिकार मिळणें. उंच आसन देवाचें, राजाचें, गुरूचें. इतरांस पाट, चटई, घोंगडी, आणि तीं नसतील तर सारवलेली भुई.

हें झालें स्थिर आसन. चालत्या आसनाविषयीं आपल्या भागांतली तपशीलवार माहिती मिळते ती मुख्यतः सतराव्या शतकांतल्या परक्या प्रवाशांच्या लिखाणांत. मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास वसविलेल्या खडकीचें तोंवर औरंगाबाद झालें होतें, आणि सुरतेहून गोवळकोंड्यास जाणाऱ्या व्यापाऱ्यांची तेथून ये-जा असे. त्यांतलाच एक झां बातिस्त ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या. तो पालखीचें वर्णन असें करतो कीं, ती सहा-सात फूट लांब व तीन फूट रुंद असा एक पलंगच असून भोंवतीं लहानसा कठडा असतो. वर वांकविलेल्या बांबूवर अतलसाचें किंवा किनखापाचें आच्छादन, आणि ज्या बाजूस ऊन येईल त्या बाजूचें आच्छादन खालीं ओढण्यास बरोबर चालणारा एक चाकर. दोन्ही टोंकांस तीन-तीन भोई. माणशीं पगार महिना ४ रुपये, आणि प्रवास ६० दिवसांहून लांबला तर ५. पालखी म्हणजे बसण्याची नव्हे, लवंडण्याची जागा, हें या मापांवरून दिसतें. सहा माणसांच्या खांद्यांचा झोंका खात बसण्यापेक्षां पडून राहणें सोयीचें, हें ज्यानें ती प्रथम केली त्यानें ओळखलें होतें.

बैलगाडीविषयीं ताव्हर्निये जें लिहितो तें आमच्या स्नेह्यांस आम्हीं मुद्दाम वाचून दाखविलें. येथल्या प्रवासी गाड्यांना पडदे आणि उशा असतात, पण त्यांचा सांगाडा टांगलेला नसतो, म्हणजे चाकाचा प्रत्येक धक्का थेट बसणाऱ्याच्या हाडांत. म्हणून शेवटच्या प्रवासाच्या वेळीं त्यानें आपल्या देशाच्या पद्धतीची गाडी येथें करवून घेतली, आणि तिच्या बैलजोडीस जवळजवळ ६०० रुपये मोजले. सहाशें रुपये! भोयाच्या महिना चार रुपये पगाराच्या हिशेबानें तेवढ्यांत सहा भोई दोन वर्षें राबले असते. मिळालेली गाडी निमूटपणें न पत्करतां ती आपल्या हाडांस मानेल अशी बदलून घेणाऱ्यांत आमचे स्नेही पहिले नव्हते, एवढें यावरून सिद्ध होतें. हाच ताव्हर्निये औरंगाबादेस औरंगजेबाच्या बेगमेच्या कबरीचें काम चाललें असल्याचें सांगून, तिच्यासाठीं संगमरवर वाहणाऱ्या ३०० हून अधिक गाड्या आपणांस वाटेंत भेटल्या व लहानांतल्या लहान गाडीसहि १२ बैल होते, असें नमूद करतो. दगडाला बरें असतें. त्याला धक्के लागत नाहींत.

प्रवासांतल्या आसनाचा जो खरा सिद्धान्त, तो मात्र बर्निये या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थाच्या लिखाणावरून आमच्या ध्यानांत आला. १६६४ च्या डिसेंबरांत औरंगजेब दिल्लीहून काश्मीराकडे निघाला, त्या स्वारीबरोबर बर्निये होता. बादशहा पुष्कळदां तख्त-इ-रवानांत बसे. रवान म्हणजे चालतें, चालतें तख्त. रंगविलेल्या सोनेरी खांबांची व कांचेच्या खिडक्यांची ती एक खोलीच. तिचे चार दांडे लाल कापडानें किंवा जरीनें मढविलेले. प्रत्येक दांड्यास दोन धट्टेकट्टे भोई, आणि त्यांना बदली म्हणून आणखी आठ बरोबर. हें चालतांनाचें आसन. पण मुक्काम पडला कीं बादशहा त्यांत बसून राहत नसे. त्याच्यासाठीं तंबूंची छावणी अगोदरच उभी असे. अशा छावण्या दोन होत्या : एकींत मुक्काम असतां दुसरी एक मजल पुढें जाऊन तयार राही. त्यांपैकीं एकीच्या वाहतुकीस ६० हून अधिक हत्ती, २०० उंट, १०० खेचरें आणि १०० हमाल लागत, असें बर्निये म्हणतो.

चालतांनाचें आसन वेगळें आणि थांबल्यावरचें आसन वेगळें, हा तो सिद्धान्त. ज्याच्याजवळ साधनें आहेत तो दोन्ही बाळगतो. चालत्या आसनास घट्टपणा हवा, आधार हवा, धक्का सोसण्याची युक्ति हवी. थांबलेल्या आसनास मोकळेपणा हवा : हवें तेथें सरकवितां यावें, उन्हाकडे पाठ करतां यावी, समोर बसलेल्या माणसाचें तोंड दिसावें. एकाच बाकाकडून ही दोन्ही कामें करून घेऊं पाहणें, हीच आमच्या स्नेह्यांच्या सुताराची चूक झाली. अर्थात् ती त्या बिचाऱ्याची एकट्याची नव्हे. जगभरच्या फिरत्या घरांतून हीच चाल आहे.

औरंगजेबाच्या बाबतींत याचा शेवट मोठा विलक्षण झाला. १६८१ सालीं तो दक्षिणेंत उतरला, १६८२ च्या मार्चांत औरंगाबादेस आला, आणि त्यानंतर पंचवीस वर्षें त्याला दिल्लीचें दर्शन घडलें नाहीं. बापानें हिऱ्यामाणकांनीं मढविलेलें मयूरसिंहासन तिकडे राहिलें, आणि त्याचा मालक मराठ्यांच्या मागें डोंगरदऱ्यांतून छावणीमागून छावणी करीत राहिला. १७०५ सालीं आजारी पडल्यावर कृष्णाकांठाहून त्याला पालखींतून हळूहळू अहमदनगरास आणलें. तेथें १७०७ सालीं तो वारला, आणि वेरूळाजवळ खुलदाबादेस त्याला पुरलें. कबर साधी, वर उघडें आकाश. जगांतल्या सर्वांत मोलवान् आसनाच्या धन्याचा उत्तरकाळ चालत्या आसनावरच गेला.

ज्यांच्यामागें तो फिरला त्यांचें आसन म्हणजे घोड्याचें खोगीर. त्याविषयीं फारसें सांगण्यासारखें नाहीं. तें आरामासाठीं नव्हतेंच. पुढें पेशवाईंत पालख्या आल्या, आणि पालखी ही सरकारांतून मिळणारी मानाची वस्तु झाली. तिच्या भोयांच्या खर्चाची नेमणूक वेगळी मिळे. म्हणजे कोणी कशावर बसून प्रवास करावयाचा हें पाठीच्या दुखण्यावर ठरत नसून दरबारच्या मर्जीवर ठरत होतें.

दरबाराची गोष्ट निघालीच आहे तर निजामशाहीतली एक हकीकत सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. औरंगाबाद तेव्हां हैदराबादच्या निजामाच्या राज्यांत. त्या दरबारीं रिवाज असा कीं, हुजुरांपुढें येणारानें जोडे बाहेर काढावेत आणि भुईवरच्या बिछायतीवर बसावें. इंग्रज रेसिडेंटहि यांतून सुटला नव्हता. तंग विजार घातलेला, गुडघे मुडपण्याची ज्याला जन्मांत संवय नाहीं असा साहेब बिछायतीवर कसा बसत असेल, हें चित्र वाचकांनींच डोळ्यांपुढें आणावें. १८६९ सालीं निजाम अफजलउद्दौला वारला, आणि अडीच वर्षांचा मीर महबूब अली खां गादीवर बसला. ती संधि साधून इंग्रजांनीं आपला आग्रह पुरा करून घेतला : जोडे पायांत राहतील आणि बसावयास खुर्ची मिळेल. दरबाराच्या जुन्या लोकांस हें फार लागलें. गंमत अशी कीं उत्तर हिंदुस्थानांत त्याच सुमारास इंग्रज अधिकारी याच्या उलट चालले होते. तेथें आपल्यासमोर खुर्चीवर बसण्याचा हक्क ते निवडक नेटिवांस लेखी दाखला देऊन बहाल करीत, आणि असा दाखला मिळालेला मनुष्य 'कुर्सीनशीन' म्हणून मिरवे. हैदराबादेंत खुर्ची मागून घेतलेला साहेब इतरत्र ती नाकारून राज्य करीत होता. गुडघ्याची सोय हा यांत निमित्तमात्र भाग होता, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं.

साहेबाचा स्वतःचा प्रवास मात्र सोयीचा होता, आणि बादशाही सिद्धान्त त्यानें चांगला उचलला. औरंगाबादेस लष्करी छावणी होती. अशा छावण्यांतले अधिकारी दौऱ्यावर निघत तेव्हां त्यांच्याबरोबर मोडून बांधतां येणारें सामान असे : घडीचा पलंग, घडीचें टेबल, घडीची खुर्ची. यांतली सर्वांत हुशारीची वस्तु म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुरकीच्या लष्करी कारखान्यांत निघालेली खुर्ची. चार पाय, त्यांना जोडणाऱ्या कांड्या, बसावयास व पाठीस कॅनव्हास, हात म्हणून चामड्याचे पट्टे. खिळा नाहीं, सरस नाहीं. कांड्या पायांच्या भोंकांत नुसत्या खोंचावयाच्या. मनुष्य बसला कीं त्याच्याच भारानें सांधे आंवळले जातात. जमीन उंचसखल असली तरी सांगाडा थोडा मुरडून चारहि पाय टेंकतात. उठल्यावर सगळी खुर्ची एका पिशवींत मावते. डेन्मार्कच्या कोरे क्लिंट या नामांकित कारागिरानें १९३३ सालीं हिच्याच नमुन्यावर आपली सफारी खुर्ची बेतली, आणि ती नंतर युरोपांतल्या दिवाणखान्यांत जाऊन बसली. तंबूंतून दिवाणखान्यांत, असा उलटा प्रवास केलेल्या वस्तु थोड्याच.

आपल्या सामान्य कुटुंबांचा प्रवास या सर्व काळांत दमणींतून व छकड्यांतून चालला होता. आमच्या आजोळच्या मंडळींकडून ऐकलेलें वर्णन अजून कानांत आहे. दमणीला आसन असें नसेच. खालीं कडब्याच्या पेंढ्या किंवा सरमाड पसरावयाचें, त्यावर घोंगडी, घोंगडीवर गोधडी, आणि माहेरवाशीण बाळंतपणास येणारी असेल तर वर एक मऊ दुलई. पेंढी म्हणजे त्या काळची कमानच! धक्का सोसण्याचें काम ती करी, आणि मुक्कामाला पोंचल्यावर बैल तीच खात. आसन वाटेंत खपून जाई, ओझें म्हणून उरत नसे. यापेक्षां काटकसरीची रचना आम्हांस तरी ठाऊक नाहीं. दुपारीं आंब्याखालीं गाडी सोडली कीं घोंगडी खालीं येई, आणि मंडळी तिच्यावर दशम्या सोडून बसत. बादशहाजवळ ज्यासाठीं दोन छावण्या होत्या, तें काम येथें एका घोंगडीवर भागे. आसन गाडीचें नव्हतें, प्रवाशाचें होतें. तें त्याच्याबरोबर गाडींत चढे व त्याच्याबरोबर उतरे.

हें चित्र आगगाडीनें पालटलें. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी गेली. औरंगाबादेस रूळ पोंचण्यास १९०० साल उजाडलें. मनमाडाहून सिकंदराबादेकडे जाणारा निजामाच्या राज्यांतला हा फांटा मीटर मापाचा, म्हणजे रुळांतलें अंतर ३ फूट ३⅜ इंच. मुंबईकडची मोठी गाडी ५ फूट ६ इंचांची. तेव्हां मुंबईहून येणारास मनमाडास उतरून, मुलेंबाळें मोजीत, अरुंद डब्याच्या लहान गाडींत चढावें लागे. रूळ मोठ्या मापाचे झाले ते पुढें १९९० नंतरच्या दशकांत. तोंवर मनमाडची ती धांवपळ औरंगाबादकरांच्या पिढ्यान् पिढ्यांनीं केली.

आगगाडीनें आसन प्रवाशाच्या हातून काढून घेतलें आणि तें डब्याला खिळ्यांनीं ठोकलें. तेंहि सर्वांस सारखें नाहीं. वरच्या वर्गास गाद्या. तिसऱ्या वर्गास उघड्या लांकडी फळ्या. आरंभीं आरंभीं कांहीं गाड्यांत सर्वांत खालच्या वर्गाला फळ्याहि नव्हत्या. १९१७ सालीं गांधीजी मुंबईहून मद्रासेस तिसऱ्या वर्गानें गेले व तो अनुभव त्यांनीं प्रसिद्ध केला. भाडें १३ रुपये ९ आणे, वाटेंत दोन रात्री, डबा २२ उतारूंचा. निजण्याजोगी जागा डब्यांत नाहीं. रायचुरानंतर — तें ठाणें तेव्हां निजामाच्याच मुलखांत — गर्दी सोसवेनाशी झाली. कोणी खालच्या घाणींत पडले, कोणी उभेच राहिले. गाडींत दोन रात्री काढावयाच्या हें ज्याला ठाऊक आहे, त्या रेल्वेनें माणसाला पाठ टेंकावी लागते हें मात्र जमेस धरलें नव्हतें.

आपल्या लोकांनीं यावर आपल्यापुरता तोडगा काढला. तो म्हणजे वळकटी. सतरंजींत गादी, गादींत उशी, उशींत दागिन्यांची पुरचुंडी, आणि बाहेरून दोरी. जुन्या मध्यमवर्गीय घरांत असा एकहि माळा नसेल कीं जेथें वळकटीचा पट्टा किंवा हिरव्या कॅनव्हासचा होल्डॉल कधीं सांपडला नाहीं. दमणींतली घोंगडीच ती. रूप पालटून आगगाडींत आली. डब्यांत शिरल्याबरोबर बाप फळीवर वळकटी उलगडी, आणि तेवढ्या दीड हात रुंदीच्या पट्टीवर त्या कुटुंबाचें राज्य सुरू होई. "जरा सरकून घ्या" हें वाक्य त्या राज्याच्या सीमेवरचें.

दुसऱ्या टोंकाला सलून होतें. बड्या अंमलदारांचे व संस्थानिकांचे स्वतंत्र डबे असत, आणि त्यांच्या बैठकीच्या खोलींत जमिनीशीं न जखडलेल्या मोकळ्या आरामखुर्च्या ठेवलेल्या असत. म्हणजे आमच्या स्नेह्यांची युक्ति येथें पूर्वींच अमलांत होती. फक्त ती एका माणसापाठीमागें एक डबा एवढ्या खर्चाची होती. मधल्या पायरीवरची गोष्ट दख्खनच्या राणीची. १ जून १९३० रोजीं मुंबई-पुण्याच्या दरम्यान ती धांवूं लागली. हिंदुस्थानांतल्या उत्तम गाड्यांत तिची गणना होई. पण तिला तिसरा वर्ग जोडला गेला तो १९५५ सालीं. पंचवीस वर्षें त्या सुंदर गाडीनें तिसऱ्या वर्गाच्या उतारूस फलाटावर उभें राहून पाहण्याची मोकळीक तेवढी दिली.

१९७४ सालीं तिसऱ्या वर्गाचें नांव दुसरा वर्ग असें झालें. फळी तीच राहिली. फळी बदलण्याचें श्रेय अहमदनगरास जन्मलेल्या एका प्राध्यापकाकडे जातें. मधु दंडवते १९७७ सालीं रेल्वेमंत्री झाले. दोन-अडीच वर्षांच्या कारकीर्दींत त्यांनीं पुष्कळ गोष्टी केल्या, पण लोकांच्या अंगास लागलेली गोष्ट एकच : दुसऱ्या वर्गाच्या लांकडी फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसविण्यास त्यांनीं आरंभ केला. त्याच सालच्या २६ डिसेंबरास मुंबई-हावड्याच्या दरम्यान गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, ती वरच्या वर्गावांचून. वरच्याची गादी काढून घेण्यापेक्षां खालच्याला गादी द्यावी, असा त्यांचा रोख होता. दोन इंच म्हणजे तें काय? अंगठ्याच्या दोन पेरांएवढें. परंतु ज्यानें लांकडावर रात्र काढली आहे त्याला तें माप विचारावें. त्यानंतर थोड्याच वर्षांत वळकट्या घरोघर माळ्यावर गेल्या. राज्यकर्त्यांचीं पुष्कळशीं स्मारकें आम्हीं पाहिलीं आहेत. लाखों पाठींखालीं असलेलें आणि कोणाच्याच ध्यानांत नसलेलें असें स्मारक हें एवढेंच.

मोटारीची कथा याहून त्रोटक आहे. निजामाच्या रेल्वेनें १९३२ सालीं २७ मोटारी घेऊन रस्त्यावरची वाहतूक सुरू केली. इकडे मुंबई राज्यांत १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास पहिली एस. टी. निघाली, तिचा सांगाडा लांकडी आणि आसनें काथ्याचीं होतीं. महाराष्ट्र राज्य झाल्यावर मराठवाड्याच्या मोटारीहि त्याच कारभाराखालीं आल्या. महामंडळाच्या गाड्यांचे सांगाडे जेथें बांधले जातात अशा कारखान्यांपैकीं एक छत्रपति संभाजीनगराजवळ चिकलठाण्यास आहे. या गाड्यांत मोकळ्या आसनास जागा नाहीं, आणि ती नसावी हेंच योग्य. घाटांत ब्रेक लागला तर न ठोकलेलें आसन माणसासकट पुढें येईल.

येथें आम्हीं पुन्हा आमच्या स्नेह्यांच्या फिरत्या घराशीं येऊन पोंचतों. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं अशा फिरत्या घरांतून होणाऱ्या पर्यटनासाठीं धोरण ठरविलें. तेव्हांपासून हीं वाहनें आपल्या रस्त्यांवर अधूनमधून दिसतात, आणि त्यांतल्या बहुतेकांत तींच भिंतीला जखडलेलीं, उलगडून पलंग होणारीं बाकें असतात. स्नेह्यांनीं एक बाक काढलें तेव्हां त्यांचें कांहीं गेलेंहि. एक निजण्याची जागा गेली. बाकाच्या पोटांतलीं पांघरुणें आतां टपावरच्या पेटींत गेलीं. आणि खुर्च्या कितीहि गुबगुबीत असल्या तरी गाडी चालतांना त्यांवर बसण्याची सोय नाहीं. पट्टा बांधून बसण्याजोगीं ठोकलेलीं आसनें पुढें आहेत, मातोश्रींसकट सर्वांनीं तेव्हां त्यांवरच बसावयाचें, आणि मोकळ्या खुर्च्या पट्ट्यांनीं भिंतीशीं आंवळून ठेवावयाच्या. एवढें सोसून मिळालें काय? वेरूळला पोंचल्यावर दार उघडतें, एक खुर्ची खालीं उतरते, आणि म्हातारी पाय खालीं सोडून, पाठ टेंकून, लेण्यांच्या कड्याकडे तोंड करून बसते. सून चहा करते. ज्याला चढउतार झेपते ते आंत जाऊन येतात. जिला झेपत नाहीं तिला आपण गाडींत कोंडून ठेवली आहे असें वाटत नाहीं.

दुसऱ्या खेपेस आम्हांसहि त्यांनीं बरोबर घेतलें होतें. निघण्याच्या गडबडींत एका खुर्चीचा पट्टा बांधावयाचा राहिला. दौलताबादच्या पुढचा घाट चढूं लागलों, पहिलें वळण आलें, आणि ती वेताची खुर्ची आपल्या चारहि पायांवर उभीच्या उभी, अगदीं सरदाराच्या ऐटींत, मागच्या दारापर्यंत घसरत गेली. मातोश्री पुढच्या आसनावरून मान वळवून म्हणाल्या, "अरे, तिला बांधा. ती आपल्याआधीं वेरूळला निघाली."